माहेरचा प्रवास आठवडे मोजून: सीमाभागातल्या गरोदर बायकांसाठी टप्प्याटप्प्याचं मार्गदर्शन

सासर खानापूर तालुक्यात आणि माहेर चंदगडला. सासर निपाणीत, माहेर बेळगावात. किंवा दोघं नोकरीला पुण्यात आणि बाळंतपण मात्र आईकडे चिकोडीला. आपल्या सीमाभागात गरोदर बाईचा मोठा प्रवास बहुतेक वेळा असाच असतो, आणि तो ठरतो ओटीभरणाच्या तारखेवरून. पाहुण्यांना सोयीचा रविवार, चांगला दिवस, भावाची सुट्टी असं सगळं जमवलं जातं. कितवा आठवडा चालू आहे, पलीकडे कुठल्या दवाखान्यात नाव घातलंय, वाटेत दुखायला लागलं तर गाडी कुठे वळवायची, हे प्रश्न गाडी सुटल्यावर निघतात. प्रसूती विभागात काम करताना मला वारंवार दिसतं ते हेच: बाई पोचते, फाइल पोचत नाही.

खाली दिलेला क्रम तसाच पाळा. पहिले चार टप्पे घरी बसून करायचे आहेत आणि खरं काम तिथेच आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण त्यांनी तुम्हाला तपासलेलं असतं.

## टप्पा १: महिने सोडा, आठवडे मोजा

“नववा लागला” म्हणजे कोणाच्या हिशोबानं ३२ आठवडे, कोणाच्या हिशोबानं ३६. या चार आठवड्यांत फार फरक पडतो. म्हणून शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजा. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. पाळी १० जूनला आली होती, तर तारीख १७ मार्च. त्याच हिशोबानं २८ आठवडे २३ डिसेंबरला पूर्ण होतात, ३४ आठवडे ३ फेब्रुवारीला आणि ३६ आठवडे १७ फेब्रुवारीला. पाळी अनियमित असेल, तर पहिल्या स्कॅनिंगवर लिहिलेली तारीख धरा.

या तारखा कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावा, आणि मगच ओटीभरणाचा दिवस काढा.

१३ आठवड्यांपर्यंत. उलट्या, थकवा आणि वासाचा त्रास यामुळे लांबचा प्रवास नकोसा होतो. प्रवासामुळे गर्भ पडला असं घरात बोललं जातं. प्रत्यक्षात सुरुवातीच्या बहुतेक गर्भपातांचं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतं, बसमधले धक्के नव्हेत. त्यासाठी कोणत्याही बाईला बोल लावू नका. पण गर्भ पिशवीतच आहे हे पहिल्या स्कॅनिंगमध्ये दिसल्याशिवाय लांब जाऊ नका. गर्भनळीत राहिलेला गर्भ अचानक जिवावर बेततो.

१४ ते २८ आठवडे. सगळ्यात चांगला काळ. लग्नकार्य, देवदर्शन, नोकरीचं काम, जे काही आहे ते यात उरका.

२८ ते ३४ आठवडे. डॉक्टरांना विचारून, मध्ये थांबे घेत. माहेरी जायचं तर याच काळात, आणि शक्यतो ३२ च्या आसपास.

३४ नंतर. दोन तासांपेक्षा लांबचा प्रवास माझ्या मते टाळावाच. ३६ नंतर आपला दवाखाना अर्ध्या-पाऊण तासात गाठता येईल, तेवढ्याच अंतरात राहा.

जुळं असेल तर या सगळ्या तारखा चार आठवडे तरी अलीकडे ओढा.

इशारा. रक्तस्राव होतोय, वार (प्लासेंटा) खाली आहे असं सांगितलंय, रक्तदाब वाढलाय, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलाय, आधीचं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालं होतं किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली आहे, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय निघू नका. अशा बाईचं बाळंतपण आहे त्याच गावात करून आईला इकडे बोलवून घेणं शहाणपणाचं. रीत मोडली म्हणून कोणी रागावलं तर रागावू दे.

## टप्पा २: निघण्याआधीच्या आठवड्यातली तपासणी

तपासणी महिन्यापूर्वी झाली होती, ती चालत नाही. निघण्याआधी सात दिवसांच्या आत जा आणि रक्तदाब, लघवीतली प्रथिनं, हिमोग्लोबिन आणि बाळाची वाढ बघून घ्या. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर प्रवास रद्द. “टेन्शनमुळे आला असेल” असं म्हणून पुढे जाऊ नका.

डॉक्टरांना नेमकं विचारा: वार कुठे आहे? बाळाचं डोकं खाली आहे का? इतके तास बसून गेलं तर चालेल का? उलटी, ताप, अंगदुखी झाली तर कोणती गोळी घ्यायची? शेवटचा प्रश्न सगळे विसरतात. मग वाटेत मेडिकलमधून अंगदुखीची कुठलीही गोळी घेतली जाते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक असलेल्या गोळ्या गरोदरपणात, विशेषतः २० आठवड्यांनंतर, स्वतःच्या मनानं घ्यायच्या नाहीत. गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्याही लिहून दिल्याशिवाय नकोत.

तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन असतं. नेमक्या त्याच दिवसांत बाई माहेरी निघते. इकडचे डॉक्टर समजतात तिकडे देतील, तिकडचे समजतात दिलं असेल. इंजेक्शन घेऊन निघा आणि तारीख कागदावर लिहून घ्या.

## टप्पा ३: फाइल तयार करा

कर्नाटकात नोंदणी झाली की तायी कार्ड मिळतं. त्यावर नर्सबाई आणि आशाताईंनी लिहिलेल्या नोंदी कन्नडमध्ये असतात. ते कार्ड घेऊन तुम्ही रात्री अकरा वाजता गडहिंग्लजच्या किंवा कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचलात, तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना त्यातलं काय वाचता येणार? उलट बाजूनंही तेच: महाराष्ट्रातल्या माता-बाल संरक्षण कार्डावरच्या मराठी नोंदी धारवाड-हुबळीत अडतात. कार्ड बदलता येत नाही, पण त्याच्यावर एक पान जोडता येतं.

एका कोऱ्या पानावर, डॉक्टरांकडून किंवा नर्सबाईंकडून, इंग्रजीत आणि सुवाच्य अक्षरात एवढं लिहून घ्या:

- नाव, वय, रक्तगट, ॲलर्जी
- शेवटच्या पाळीची तारीख आणि बाळंतपणाची तारीख
- कितवं गरोदरपण. आधीचं बाळंतपण नॉर्मल की सिझर, सिझर असेल तर कोणत्या कारणानं
- शेवटचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, तारखांसह
- धनुर्वाताची इंजेक्शनं, अँटी-डी
- चालू गोळ्या, डोससह
- शेवटच्या स्कॅनिंगमध्ये वार कुठे आणि बाळ कसं
- इकडच्या डॉक्टरांचा फोन

पान फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. त्याखाली सगळी स्कॅनिंग, त्याखाली रक्ताचे रिपोर्ट, नवीन वर आणि जुनं खाली. आधीचं सिझर असेल तर त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड शोधून काढा. ते सहसा सासूबाईंच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली सापडतं.

सगळ्या कागदांचे फोटो दोन फोनमध्ये ठेवा, एक तुमचा आणि एक माहेरच्या माणसाचा. फाइल डिकीतल्या मोठ्या बॅगेत टाकू नका; खांद्याला लावायच्या पिशवीत ठेवा.

तपासा. घरातल्या एखाद्याला सांगा, “माझा रक्तगट आणि शेवटचा रक्तदाब अर्ध्या मिनिटात शोधून दाखव.” सापडलं नाही, तर फाइल अजून तयार नाही.

## टप्पा ४: पलीकडचा दवाखाना आधी ठरवा

“गेल्यावर बघू” हे या प्रवासातलं सगळ्यात महागाचं वाक्य आहे. निघण्याआधी दोन-तीन आठवडे माहेरच्या माणसानं प्रत्यक्ष दवाखान्यात जाऊन विचारावं: रात्री-अपरात्री सिझर होतं का? भूल देणारे डॉक्टर बोलावल्यावर किती वेळात येतात? रक्त कुठून आणावं लागतं? बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर इथेच सोय आहे की दुसरीकडे न्यावं लागतं? बाहेरगावी तपासलेल्या बाईला शेवटच्या महिन्यात घेता का?

शेवटच्या प्रश्नाला काही ठिकाणी नकार मिळतो. तो नकार सातव्या महिन्यात मिळालेला बरा.

माहेरच्या गावच्या आशाताईंनाही कळवा. गावात गरोदर बाई आली आहे हे त्यांच्या वहीत गेलं की भेटी, गोळ्या आणि गाडीची व्यवस्था सोपी होते. सरकारी योजनेचे पैसे कोणत्या राज्यात आणि कोणत्या खात्यावर मिळतील, हे इकडच्या नर्सबाईंना आत्ताच विचारा. बाळंतपणानंतर हेलपाटे वाढतात. आणि लक्षात ठेवा, जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते आणि ती २१ दिवसांच्या आत करायची असते. आईवडिलांची आधार कार्डं बरोबर असू द्या, नावांची स्पेलिंगं आधीच जुळवून घ्या.

## टप्पा ५: वाट, दिवस आणि वाहन

### वाट

बेळगाव ते कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर, सरळ हायवे. तरी तीन ठिकाणी जपून: निपाणीच्या अलीकडचा तवंदी घाट, पावसाळ्यात यमगर्णीजवळचा वेदगंगेचा पूल, आणि कागलच्या पुढे रुंदीकरणासाठी सेवा रस्त्यावर वळवलेली वाहतूक. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ हायवे बंद पडला होता. जुलै-ऑगस्टमध्ये ३० आठवड्यांपुढे जाणार असाल, तर पाऊस लागण्याआधीच, मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला पलीकडे पोचा.

गोव्याकडे किंवा कोकणात जाताना घाट चुकत नाही. जांबोटी-कणकुंबी-चोर्ला रस्त्यावर वळणं भरपूर, दवाखाना लांब, आणि मध्ये बराच वेळ मोबाइलला रेंज नसते. सावंतवाडीकडे जायला शिनोळी-आंबोली रस्ता मला त्यापेक्षा बरा वाटतो, पण पावसाळ्यात तिथेही धुकं आणि दरडी असतात. २८ आठवड्यांनंतर कोणताही घाट दिवसाउजेडी आणि कोरड्या हवेतच उतरायचा. तिलारीचा उतार तर या दिवसांत नकोच.

खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांसाठी हिशोब वेगळा आहे. पावसाळ्यात नाले भरले की गाडी गावापर्यंत येत नाही, माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. बाळंतपणाची तारीख जून ते ऑक्टोबरमध्ये येत असेल, तर पहिला मोठा पाऊस पडण्याआधी खानापुरात किंवा बेळगावात नातेवाइकांकडे येऊन राहा. तुमच्यासाठी हाच खरा माहेरचा प्रवास आहे असं समजा.

### दिवस

उसाचा गळीत हंगाम चालू असताना रायबाग, चिकोडी, कागवाड, संकेश्वर, निपाणी भागात रात्री गाडीनं जाऊ नका. दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसताना चाललेले असतात, आणि समोरच्या गाडीच्या उजेडात ते दिसतच नाहीत. सौंदत्ती यल्लम्माची यात्रा, चिंचलीची मायाक्का, जोतिबाची चैत्र यात्रा, हे दिवस आधीच बघून टाळा.

१ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातला काळा दिवस) आणि कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या हिवाळी अधिवेशनाचे दिवसही टाळा. सीमेवर वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बस अचानक थांबतात आणि कोगनोळी नाक्यावर गाड्या अडकतात. इतर दिवशीही, निघायच्या आदल्या संध्याकाळी स्टँडवर फोन करून पलीकडच्या बस चालू आहेत का हे विचारून घ्या.

### वाहन

स्वतःची किंवा भाड्याची कार असेल तर सगळ्यात बरं, कारण हवं तिथे थांबता येतं. ड्रायव्हरला निघण्याआधीच सांगा: वेग कमी, हंपवर पूर्ण ब्रेक, मागितलं की थांबायचं. हे घरच्या पुरुषमाणसानं सांगितलं की जास्त ऐकलं जातं, म्हणून त्यांनीच सांगावं.

बस. कर्नाटकात शक्ती योजनेमुळे साध्या बसला बायकांना तिकीट नाही, आणि महाराष्ट्रात एस.टी.ला अर्धं तिकीट आहे. त्यामुळे फुकटच्या बसनं निपाणीपर्यंत, तिथून एस.टी.नं कोल्हापूर, असा हिशोब घरोघरी होतो. एरवी तो बरोबर आहे. पोटात बाळ असताना मात्र निपाणी स्टँडवर दोन पिशव्या घेऊन उभं राहणं, गर्दीत चढणं, आणि जागा नाही मिळाली तर कागलपर्यंत दांडा धरून जाणं, यात वाचलेल्या शे-दीडशे रुपयांपेक्षा जास्त जातं. पूर्ण तिकीट काढून थेट बसनं जा, जागा आरक्षित करा. सीट मधल्या भागातली घ्या. मागच्या चाकावरच्या आणि शेवटच्या बाकावर धक्के सगळ्यात जास्त बसतात.

वडाप (माणसं भरून नेणारी शेअर जीप) आणि दुचाकी नको. वडापमध्ये पाय हलवायला जागा नसते आणि पट्टा नसतो. दुचाकीवर एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसणं तर सगळ्यात धोक्याचं. तोल गेला की बाई थेट पोटावर येते.

रेल्वे. पुणे, मिरज, हुबळी, बंगळूर अशा लांबच्या प्रवासाला माझी पहिली पसंती रेल्वेला. उठता येतं, आडवं होता येतं, शौचालय असतं. गरोदर बाईसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन आरक्षण खिडकीवर जा. हुबळी-पुणे वंदे भारत बेळगाव, मिरज, सांगली, साताऱ्याला थांबते, पण ती रोज नसते आणि तिच्यात बसूनच जावं लागतं. लहान स्टेशनवर गाडी दोनच मिनिटं थांबते, तेव्हा डबा कुठे येतो ते विचारून आधीच तिथे जाऊन बसा. सामान दुसऱ्यानं चढवायचं.

विमान. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून जाणार असाल तर कंपनीचा नियम तिकीट काढण्याआधी वाचा. साधारण २८ आठवड्यांनंतर प्रवासास योग्य असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात आणि ३६ नंतर सहसा घेत नाहीत. जुळ्यांसाठी मर्यादा आणखी अलीकडे. परतीच्या तारखेला कितवा आठवडा असेल तेही मोजा.

## टप्पा ६: पिशवी

मोठी बॅग कशीही भरा. जवळच्या पिशवीत मात्र एवढं हवंच: फाइल, दोन दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या, पाण्याच्या दोन बाटल्या, ओआरएसची पाकिटं, कोरडं खाणं, उलटीसाठी जाड पिशव्या, चार-पाच सॅनिटरी पॅड, एक जुनी स्वच्छ सुती साडी, हात धुवायचं साबण, चार्जर आणि रोख पैसे. ३० आठवड्यांपुढे बाळासाठी दोन दुपटी आणि टोपडंही याच पिशवीत.

## टप्पा ७: गाडीत बसायचं कसं

सीटबेल्ट पोटाला बाधतो म्हणून तो काढून टाकतात किंवा पाठीमागून घेतात. हा गैरसमज जीव घेतो. अपघातात आई वाचली तर बाळ वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि आईला वाचवतो तो पट्टाच.

लावताना घाई नको. आधी पाठ सीटला पूर्ण टेकवा. खालचा पट्टा हातात धरून पोट किंचित वर उचला आणि पट्टा पोटाच्या खाली, मांड्या जिथे सुरू होतात तिथल्या हाडांवर आडवा बसवा. वरचा पट्टा दोन स्तनांच्या मधून जाऊन पोटाच्या कडेनं खाली उतरला पाहिजे. काखेखालून किंवा पाठीमागून नाही. मग पट्टा ओढून सैलपणा काढा. साडीच्या निऱ्या किंवा ओढणी मध्ये गोळा होते, ती सारखी करा. वाटेत खाली सरकून बसलात की खालचा पट्टा हळूहळू पोटावर चढतो, म्हणून प्रत्येक थांब्यानंतर पुन्हा बघा.

जागा शक्यतो मागची. पुढेच बसावं लागलं तर सीट मागे सरकवा. डॅशबोर्ड आणि छाती यांत सुमारे २५ सेंटीमीटर, म्हणजे एक वीत आणि वर दोन बोटं, एवढं अंतर हवं. २० आठवड्यांनंतर स्वतः गाडी चालवणं मी तरी लांबच्या वाटेला टाळायला सांगते.

कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल, पायाखाली छोटी पिशवी. आडवं व्हायचं असेल तर डाव्या कुशीवर. उताणं झोपलं की वाढलेल्या पिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, चक्कर येते आणि बाळाकडचा रक्तपुरवठाही कमी होतो.

## टप्पा ८: वाटेत

पाणी पिणं बंद करू नका. लघवीला कुठे जायचं या भीतीनं कित्येक जणी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. पाणी कमी पडलं की चक्कर येते, पोट घट्ट होतं, लघवी तुंबून जंतुसंसर्ग होतो, आणि त्या संसर्गातूनच दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. आठ तासांच्या प्रवासात दीड लिटर तरी पोटात जायला हवं, थोडं थोडं.

लघवीची सोय आधी ठरवून ठेवा. हायवेवरचे मोठे पेट्रोल पंप आणि जेवणाची मोठी हॉटेलं यांची शौचालयं बस स्टँडपेक्षा सहसा बरी असतात. दर दीड तासाला थांबा, लागली नसली तरी जा. बरोबर एक बाई असू द्या. दार बंद होत नसेल तर बाहेर उभी राहते, आणि घसरड्या फरशीवर हात धरायला उपयोगी पडते.

उपाशी निघू नका. रिकाम्या पोटी उलटी जास्त होते. निघण्याआधी तासभर भाकरी-भाजी, दहीभात किंवा उपमा असं हलकं खा. वाटेसाठी दशमी, फुटाणे, भडंग, केळी, घरचे लाडू. उघड्यावर कापलेली फळं, बर्फ घातलेला उसाचा रस आणि सकाळपासून तळून ठेवलेली भजी नकोत. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका आणि प्रवासाच्या दिवशी चुकवूही नका.

पाय चालू ठेवा. गरोदरपणात रक्त गोठण्याकडे झुकतं, आणि तासन्‌तास एका जागी बसलं की पोटरीत गुठळी होऊ शकते. थांब्यावर पाच-दहा मिनिटं चाला. सीटवर बसल्या बसल्या दर अर्ध्या तासाला घोटे गोल फिरवा, टाचा वर-खाली करा. पायावर पाय टाकून बसू नका. आधी गुठळीचा त्रास झाला असेल किंवा वजन खूप असेल, तर घट्ट मोजे लागतील का हे डॉक्टरांना विचारा.

तपासा. २८ आठवड्यांनंतर, अर्ध्या वाटेत थांबल्यावर दहा मिनिटं शांत बसून बाळाची हालचाल जाणवते का बघा. चालत्या गाडीत ती नीट कळत नाही. जाणवली नाही तर काही खाऊन-पिऊन डाव्या कुशीवर पडा. दोन तासांत १० हालचाली जाणवल्या नाहीत तर पुढचा प्रवास थांबवून दवाखाना गाठा. रोजच्यापेक्षा हालचाल एकदम मंदावली असेल तर दोन तासही थांबू नका.

## टप्पा ९: वाटेत काही झालं तर

खालचं काहीही दिसलं तर घर जवळ आलंय म्हणून गाडी पुढे नेऊ नका; जवळचा दवाखाना आधी.

- अंगावरून रक्त जाणं, कितीही थोडं
- पाणी जाणं. हिरवट असेल तर आणखी घाई
- ३७ आठवड्यांआधी तासाभरात चार-पाच वेळा पोट घट्ट होऊन सुटणं
- डोकं जोरात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंड-हात सुजणं, छातीखाली उजवीकडे दुखणं
- एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, किंवा अचानक दम लागणं
- झटका, बेशुद्धी, थंडी वाजून ताप

रक्त किंवा पाणी जात असेल तर फक्त पॅड लावा, आत काही घालू नका. झटका आला तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी काही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल नाकाशी धरण्यात वेळ घालवू नका.

पोटाला मार लागला, गाडी धडकली किंवा तुम्ही पडलात, आणि २० आठवडे होऊन गेले असतील, तर काहीही दुखत नसलं तरी दवाखान्यात जाऊन काही तास देखरेखीखाली राहा. वार सुटायला लागलेली बाहेरून लगेच दिसत नाही. निगेटिव्ह रक्तगट असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी लागू शकतं.

फोन. रुग्णवाहिकेसाठी १०८, दोन्ही राज्यांत तोच. कोणत्याही संकटात ११२. हायवेवर १०३३, रेल्वेत १३९. सीमेवरची एक अडचण ध्यानात ठेवा: कोगनोळी, शिनोळी अशा ठिकाणी फोन पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो आणि १०८ त्या राज्यात लागू शकतो. म्हणून फोन उचलल्याबरोबर पहिलं वाक्य हेच: राज्य, तालुका, गाव, रस्ता आणि जवळची खूण. “कर्नाटक, निपाणी तालुका, कोगनोळी, हायवेवर टोलनाक्याच्या कोल्हापूर बाजूला. आठ महिन्यांची गरोदर बाई, रक्त जातंय.” समोरून कन्नड आलं आणि तुम्हाला येत नसेल, तर हीच नावं सावकाश पुन्हा सांगा, जवळच्या पंपावरचा, हॉटेलातला कोणीतरी दोन्ही भाषा बोलणारा असतोच, त्याच्याकडे फोन द्या.

निघण्याआधीच वाटेतले दवाखाने कागदावर क्रमानं लिहून ड्रायव्हरजवळ द्या. कोल्हापूरच्या वाटेवर बेळगावचं जिल्हा रुग्णालय, मग संकेश्वर, निपाणी, कागल, आणि शेवटी कोल्हापूरचं सी.पी.आर. (मोठं सरकारी रुग्णालय). अर्ध्या वाटेच्या अलीकडे असाल तर मागे फिरणंही बरोबर असतं. लोक नेहमी पुढेच जायचं बघतात.

गाडीतच बाळ यायला लागलं तर गाडी बाजूला घेऊन थांबवा आणि १०८ ला कळवा. बाळाला ओढू नका. बाहेर आलं की सुती कापडानं पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवा, दोघांना मिळून झाका, डोक्याला टोपडं घाला. नाळ कापू नका, वार ओढू नका. ती तशीच ठेवून दवाखान्यात न्या.

## टप्पा १०: पोचल्यावर

पोचल्या दिवशी पाहुणे नकोत. गरम पाण्यानं आंघोळ, जेवण, आणि डाव्या कुशीवर झोप. पाय दोन्ही सारखे सुजले असतील तर उशीवर ठेवून उतरतात; एकच पाय सुजला असेल तर त्याच दिवशी दाखवा.

दोन दिवसांच्या आत ठरवलेल्या दवाखान्यात फाइल घेऊन जा, रक्तदाब मोजून घ्या, नाव घाला. “अजून महिना आहे” म्हणून इथेच लोक ढिले पडतात, आणि पहिली भेट थेट कळा सुरू झाल्यावर होते.

त्याच आठवड्यात माहेरच्या माणसानं रात्रीची सोय पक्की करावी. रात्री दोन वाजता कोणाची गाडी, ड्रायव्हर नसेल तर दुसरा कोण, गल्लीतून मोठी गाडी बाहेर निघते का, दवाखान्याचं रात्रीचं दार कोणतं. एकदा अंधारात घरापासून दवाखान्यापर्यंत गाडीनं जाऊन वेळ मोजा. दोन्ही गाडीवाल्यांचे नंबर आणि दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून दाराजवळच्या भिंतीवर लावा, म्हणजे घरात एकटी आजी असली तरी तिला फोन लावता येईल.